दीड मिनिटाचा दम

६ जानेवारी

ही वही ताईची. पहिल्या चार पानांवर तिने स्वेटरचे टाके लिहिलेत, दोन उलटे, दोन सुलटे. ती पानं फाडायची नाहीत अशी ताकीद आहे. पाचव्या पानापासून मी.

"तोंडाने बोलायचं ते आधी हिच्यात बोल," ताई म्हणाली. "वहीला लागत नाही. माणसांना लागतं."

मी म्हटलं, मी काय शाळकरी पोरगा आहे रोज वही लिहायला? तर म्हणते, "नाहीस. शाळकरी पोरगा शाळेत तरी जातो."

घ्या. आल्या आल्या पहिला फटका.

तर लिहून टाकतो एकदाचं. कॉलेज सोडून आज एकोणीस दिवस झाले. दुसऱ्या वर्षाच्या ड्रॉइंगच्या तासाला सर माझ्या शीटकडे बघून म्हणाले, "कोणाची उतरवलीस?" तीन दिवस मान मोडून काढलेली शीट होती. स्वतःची. मी बोर्डावरून शीट काढली, त्यांच्या देखत उभी फाडली, आडवी फाडली, चारी तुकडे टेबलावर ठेवले आणि निघालो. जिना उतरेपर्यंत फार बरं वाटलं. शेवटच्या पायरीवर वाटलं, आता काय? पण मागे फिरायला तोंड कुठे होतं.

बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "शीट बरोबर होती ना?" मी म्हटलं, होती. "मग फाडलीस कशाला?"

तेव्हापासून आमचं बोलणं बंद. म्हणजे मी बंद केलंय.

म्हणून ताईकडे. तिच्या घराच्या पुढच्या खोलीत दाजींचं दुकान आहे. दाजी आधी रेडिओ दुरुस्त करायचे. आता खोलीत दोन कॉम्प्युटर, एक फ्लॉपीचा ड्राइव्ह, एक टीव्ही ज्याला डावीकडून थोपटल्याशिवाय चित्र येत नाही, आणि मी. मलाही ताई डावीकडूनच थोपटते.

९ जानेवारी

दाजींनी काम समजावलं. लोकांनी हौसेने घरोघरी कॉम्प्युटर घेतले, त्यांच्या फ्लॉप्या आता तीन-चार वर्षांच्या झाल्या. दाजी म्हणतात, फ्लॉपी म्हणजे ओल्या भिंतीवरचं लिखाण. दिसतंय तोवर दुसरीकडे उतरवून घ्यावं, भिंत पुसून घ्यावी, पुन्हा ठळक लिहावं. याला ते ‘ताजी करणं’ म्हणतात. आधी फ्लॉपीतलं सगळं दुसऱ्या जादा फ्लॉपीवर उतरवायचं. मग मूळ फ्लॉपी फॉरमॅट करायची. मग उतरवलेलं परत तिच्यावर भरायचं. प्रत्येक फ्लॉपीबरोबर एक चिठ्ठी आणि चिठ्ठीवर तीन खुणा: उतरवली, पुसली, भरली.

"पहिली खूण झाल्याशिवाय दुसरीला हात लावायचा नाही," दाजी म्हणाले. "आग लागली तरी."

"आग लागली तर पळायचं नाही?"

"चिठ्ठी घेऊन पळायचं."

दुपारपर्यंत तीन केल्या आणि चौथीला पकडलो गेलो. फॉरमॅट करताना फ्लॉपीचं नाव टाईप करायचं आणि नावापुढे कुठलीही दोन अक्षरं. दोन अक्षरं दिली की मशीन पहिल्या रेघेपासून शेवटच्या रेघेपर्यंत सगळं नव्याने आखतं, दीड मिनिट घरघरत बसतं. अक्षरं नाही दिली तर तीन सेकंदांत ‘झालं’ म्हणून मोकळं. पण तेव्हा नुसती सुरुवातीची यादी कोरी होते, बाकी जुनं आत तसंच पडून राहतं. वरून कोरी, आतून शिळी. मी चारही फ्लॉप्यांना अक्षरं दिली नव्हती.

"शालक महाराज," दाजी म्हणाले, "दीड मिनिटाचा दम नाही तुम्हाला?"

पुन्हा करायला लावल्या. चारही. दीड मिनिट किती लांब असतं ते ड्राइव्हच्या लाल दिव्याकडे बघत बसल्याशिवाय कळत नाही.

१७ जानेवारी

समोरच्या चष्म्याच्या दुकानात एक मुलगी बसते. आज ती आमच्याकडे आली.

लिहायचं ठरवून बसलो आणि वरच्या ओळीपुढे पंधरा मिनिटं काही सुचलं नाही. तिला स्वतःला चष्मा नाही. एक फ्लॉपी घेऊन आली, पाकिटात घालून, पाकीट रुमालात गुंडाळून. "ताजी करून मिळेल?"

"उद्या."

"उद्या किती वाजता?"

"दुकान उघडं असतं," मी म्हटलं. दुकान उघडं असतं! माणूस एवढा दगड असू शकतो? ती हसली आणि गेली. मग बघतो तर फ्लॉपी रिकामी. नुसती फॉरमॅट केलेली, आत एक अक्षर नाही.

१८ जानेवारी

परत देताना सांगितलं, "यात काहीच नव्हतं."

"हो का? मग दुसरी आणायची होती वाटतं." आणि पर्समधून दुसरी काढून दिली.

तीही रिकामी निघाली. सुंदर आहे, पण विसरभोळी आहे.

२५ जानेवारी

तिसरी रिकामी, चौथी रिकामी. मी चारही नीट दोन अक्षरं देऊन, दीड-दीड मिनिट थांबून ताज्या केल्या. रिकाम्या असल्या म्हणून काय झालं.

काल डोळे तपासायला गेलो. माझे डोळे ठणठणीत आहेत. तिने समोरचा तक्ता वाचायला लावला. तक्त्याशेजारी आरसा आहे आणि आरशात ती दिसते. खालच्या तीन ओळी मला वाचता आल्या नाहीत.

"तुम्हाला नंबर लागेल," ती म्हणाली.

"लागू दे."

"चष्मा लागेल म्हणतेय मी."

दाजींना चौथ्या फ्लॉपीचं सांगितलं तेव्हा ते रेडिओ उघडून बसले होते. स्क्रू तोंडात धरून म्हणाले, "रिकाम्या फ्लॉप्या कोण ताज्या करून घेतं रे?"

"विसरते ती."

"हं," दाजी म्हणाले. "विसरतच असणार." आणि रेडिओत डोकं घालून हसत राहिले. मला नाही आवडलं. कोणाच्या विसराळूपणाला हसू नये.

३० जानेवारी

बाबांकडून पार्सल. पत्र नाही, चिठ्ठी नाही. माझी कंपासपेटी आणि ड्रॉइंगच्या कोऱ्या शीटांची गुंडाळी. कंपासची मोडलेली सुई बदललेली, बिजागरीला तेल दिलेलं.

हा टोमणा नाही तर काय? तोंडाने बोलायचं नाही आणि टोमणे मात्र पार्सलने. ताईला म्हटलं, परत पाठव. ती पेटी उघडून बराच वेळ त्या सुईकडे बघत बसली. "बाबांना आता बारीक दिसत नाही रे बिब्ब्या," म्हणाली. "ही बसवायला त्यांना किती वेळ लागला असेल."

मी लहानपणापासून चिडका बिब्बा. या घरात ते आता माझं नावच पडलंय. पेटी कपाटावर फेकली.

५ फेब्रुवारी

सहावी फ्लॉपी परवा आणून दिली. रिकामी. आज न्यायला आली तेव्हा बाहेर मोपेडवर एक जण थांबला होता. उंचच्या उंच, मान पुढे काढलेली, ओठ लोंबते. उंट. ती फ्लॉपी घेऊन गेली आणि त्याच्या मागे बसली. त्याच्या खांद्यावर हात ठेवून! मागे वळून माझ्याकडे बघून हसली पण. हसायचं काय त्यात?

जेवलो नाही. ताई म्हणाली, "पोट बिघडलंय का?" दाजी म्हणाले, "पोटाच्या चार बोटं वर."

१० फेब्रुवारी

आज आली ती गंभीर होती. सातवी फ्लॉपी. जुनी, कोपरे मऊ पडलेले. कडेच्या खाचेवर चंदेरी चिकटपट्टी. ती पट्टी असेपर्यंत मशीन फ्लॉपीवर काही लिहू देत नाही.

"ही रिकामी नाही," ती म्हणाली. "शनिवारपर्यंत होईल? रविवारी मला हवीच आहे."

"होईल."

"आणि..." ती थांबली. "वाचायची नाही. नुसती ताजी करा. मीसुद्धा वर्षभर वाचलेली नाही."

मी म्हटलं, आम्ही कोणाचं वाचत नसतो. छाती फुगवून म्हटलं. पण ती गेल्यावर डोक्यात किडा वळवळायला लागला. वर्षभर न वाचलेलं आणि दुसऱ्याने वाचू नये असं काय असतं? पत्रं. दुसरं काय असणार?

१२ फेब्रुवारी

लिहितो. ताई म्हणते तोंडाऐवजी वहीत बोल. हातांचं काय करायचं ते तिने सांगितलं नव्हतं.

सकाळी दाजी बाजारात गेले होते. उंट आला. मान वाकवूनच दारातून आत यावं लागतं त्याला. "तिची फ्लॉपी झाली का हो? रविवारी आम्हाला एकत्र बसून वाचायचीय."

एकत्र बसून. आम्हाला.

"शनिवारी," मी म्हटलं. तो गेला. मी चंदेरी पट्टी नखाने उचकटली. फ्लॉपी ड्राइव्हमध्ये घातली. उतरवली नाही. चिठ्ठीवर पहिली खूण नाही, काही नाही. फॉरमॅट. तीन सेकंदांत ‘झालं’. एवढ्याने समाधान होईना म्हणून एक ओळ टाईप केली: ‘जा, बस उंटाच्या पाठीवर. मला काय.’ आणि ती त्याच फ्लॉपीवर साठवली.

शीट फाडली तेव्हा जिना उतरेपर्यंत तरी बरं वाटलं होतं. या वेळी खुर्चीतून उठेपर्यंतसुद्धा नाही वाटलं.

१३ फेब्रुवारी

ती सकाळीच आली. "काल माझा मावसभाऊ येऊन गेला ना? उगीच घाई करतो. मावशीने पाठवलं होतं त्याला."

मावसभाऊ.

 ती आपणहून सांगत राहिली, जसं काही मी विचारलंच होतं. तिची आई नर्स होती, कायम रात्रपाळी. ही शाळेतून यायच्या आधी आई निघायची, आई परत यायची तेव्हा हिची शाळेची वेळ. आईने कोणाकडून तरी जुना कॉम्प्युटर घेतला होता. त्यावर दोघी एकमेकींना निरोप ठेवायच्या. कागदावर लिहिलेलं हरवतं म्हणून. आईने लिहिलेले निरोप तिने एका फ्लॉपीवर जपून ठेवले. रविवारी आईला जाऊन वर्ष होतं. मावशी, मावसभाऊ आणि ती, तिघं बसून वाचणार आहेत.

"एकशे एकेचाळीस आहेत," ती म्हणाली. "एकटीने उघडायचा धीर होत नव्हता."

मी म्हटलं, "माझ्याकडून पुसली गेली."

ती हसली. तिला वाटलं मी थट्टा करतोय. मग तिने माझ्या तोंडाकडे बघितलं.

"चुकून," मी म्हटलं. हा शब्द मी बोललो. वहीत तरी खोटं लिहायला नको: चुकून असं मी म्हटलं.

ती रस्ता ओलांडून गेली. एक सायकलवाला तिच्यावर ओरडला, तेसुद्धा तिला कळलं नाही.

मग दाजींना सांगितलं. त्यांना सगळं सांगितलं, ती उंटाची ओळ सोडून. आयुष्यात मी दाजींना चिडलेलं पाहिलेलं नाही. आजही चिडले नाहीत, पण स्टूल ओढून बसले ते आधारासाठी.

"दोन अक्षरं दिलीस?"

"काय?"

"फॉरमॅट करताना. नावापुढे दोन अक्षरं दिलीस की नाही?"

"रागात कुठली अक्षरं देतोय मी!"

दाजींनी डोळे मिटले आणि दोन्ही हात जोडले. "तुझ्या उतावळेपणाला साष्टांग नमस्कार," म्हणाले. "यादी गेली. निरोप आत आहेत."

१४ फेब्रुवारी

फ्लॉपीवर पस्तीस वर्तुळं असतात, एकात एक. प्रत्येकाचे खाने पाडलेले. निरोप एका खान्यात मावला नाही तर पुढचा भाग दुसऱ्या खान्यात, आणि तो कुठे आहे ते पहिल्या खान्याच्या सुरुवातीला दोन आकड्यांत लिहिलेलं. म्हणजे प्रत्येक खाना पुढच्याकडे बोट दाखवून उभा. कुठला निरोप कुठून सुरू होतो ते फक्त यादीला ठाऊक असतं, आणि यादी मी मारली. पण ज्या भरलेल्या खान्याकडे कोणीच बोट दाखवत नाही, तीच सुरुवात. दाजींनी एवढं सांगितलं आणि रेडिओकडे वळले. "बाकी तुझं तू निस्तर."

मी समोरच्या दुकानात गेलो. गिऱ्हाईक होतं, ते जाईपर्यंत थांबलो. निरोप परत मिळतील म्हणून सांगितलं. तिने पहिलं विचारलं, "तुम्ही वाचलेत?"

"नाही."

"वाचल्याशिवाय काढता येतील?"

खरं म्हणजे हा विचार मी केला नव्हता. "येतील," म्हटलं.

आणि आले! एक छोटा प्रोग्राम लिहिला. खान्यातलं बाकी काही दाखवायचं नाही, सुरुवातीचे दोन आकडे तेवढे दाखवायचे. सहाशे त्र्याऐंशी खाने. आकडे ठेवायचे कुठे? कपाटावरून बाबांची गुंडाळी काढली. शीट पसरली आणि कंपासने पस्तीस वर्तुळं काढली, एकात एक. नवी सुई जरासुद्धा सरकली नाही. बाहेरच्या वर्तुळांत खाने जास्त, आतल्यांत कमी. प्रत्येक खान्यापासून पुढच्या खान्याकडे पेन्सिलीचा बाण. सकाळी दहाला बसलो, रात्री आठला उठलो. मध्ये एकदाही चिडलो नाही. हे लिहितानाच लक्षात आलं.

ताई येऊन शीटकडे बघून म्हणाली, "अरे, हे तर विणकामच."

सुरुवाती मोजल्या. एकशे एकेचाळीस. दाजींनी माझ्या पाठीत एवढ्या जोरात थाप मारली की टीव्हीत चित्र आलं.

त्यांना ठाऊक नाही. एकशे एकेचाळीसमधला एक निरोप माझा आहे. म्हणजे आईचे एकशे चाळीस. माझ्या ओळीने कोणता तरी एक खाना गिळला. तो कुठला तेही मला माहीत आहे. पुसल्यावर मशीन पहिली ओळ यादीच्या शेजारच्या खान्यात ठेवतं. शीटवर तिथे पेन्सिलीचा ठिपका आहे, बाण नाही.

उद्या ती येणार. मी खान्याचा नंबर सांगून खाना पडद्यावर आणणार, ती निरोप वाचून नाव देणार. तो एक नंबर मी सांगितला नाही तर? ‘एक खराब झाला’ म्हणता येईल. फ्लॉप्या खराब होतात. ‘चुकून’ तसंच राहील.

१५ फेब्रुवारी

दहा वाजता आली. खुर्ची पडद्यासमोर तिला दिली. मी स्टूल घेऊन पडद्याकडे पाठ करून बसलो, तोंड भिंतीकडे, मांडीवर कीबोर्ड, पुढ्यात शीट. भिंतीवर कॅलेंडर आहे. फेब्रुवारी मला आता पाठ झालाय.

"पहिल्या वर्तुळातला पहिला," मी म्हणायचो आणि टाईप करायचो. मग तिचा आवाज: "हं. झालं." की पुढचा.

दहा-बारा निरोप असेच गेले. मग ती एकदम हसली आणि मोठ्याने वाचलं: "गॅस बंद आहे का बघ. मी बघितलाय. तरी बघ."

त्यानंतर मधूनमधून वाचत राहिली. मला नव्हे, नुसतंच. "तुझी कात्री मी घेतली होती. परत ठेवली आहे. जागेवर नाही, पण ठेवली आहे." "खिडकीतल्या रोपाला पाणी घालू नकोस. तू घालतेस, मी घालते, बिचारं पोहायला शिकेल." एकदा वाचता वाचता थांबली, आणि पुढचं अगदी हळू आलं: "परीक्षा म्हणून कपाळाला आठी घालून झोपली होतीस. जाताना मी पुसली."

मी कॅलेंडरकडे बघत बसलो. नाक ओढायचा आवाज आला. माझा होता.

"काल बोललीस ते मी ऐकलंच नाही असं धरू," ती वाचत होती. "जेवण झाकून ठेवलंय. राग गार झाला असेल तर परत तापवू नये. जेवण तापव."

पुढे माझा ठिपका होता. शीटवर मी पेन्सिल त्याच्यापाशी टेकवली. पुढच्या वर्तुळावर जायला काही लागत नव्हतं, फक्त दुसरा आकडा म्हणायचा होता. दाजी बाजूला रेडिओचं बटण फिरवत होते. कोणालाच कळलं नसतं.

मी नंबर सांगितला.

टाईप केला आणि हात मांडीवर ठेवून बसलो. दीड मिनिट तरी गेलं असेल. या बाबतीत आता माझा अंदाज पक्का आहे.

"उंट?" ती म्हणाली.

मी वळलो नाही. "तुमचा मावसभाऊ. मला माहीत नव्हतं तो मावसभाऊ आहे ते. चुकून नाही पुसली. पट्टी मी काढली. मुद्दाम काढली. वाटलं पत्रं आहेत, त्याची. आणि ही ओळ जिथे आहे तिथे तुमच्या आईचा एक निरोप होता. तो गेला. तो आता नाही मिळणार."

दाजींनी रेडिओ बंद केला. उठून आत गेले.

ती खिडकीपाशी गेली असावी. पावलं ऐकू आली. मग म्हणाली, "कुठला गेला ते मला कधीच कळणार नाही. ‘चावी शेजारी दिलीय’ असेल. किंवा काहीही असेल."

"हो."

"मी तुम्हाला वाचू नका म्हटलं होतं. तुम्ही वाचलं नाही. वाचलं असतं तर हे झालंच नसतं." तिचा आवाज फाटला. "कसलं डोकं आहे हो तुमचं?"

पहिल्यांदाच मी उत्तर शोधलं नाही. ती रडली. मी भिंतीकडे तोंड करून बसून राहिलो. वळण्याचा मला हक्क नव्हता, उठून जाण्याचाही नव्हता.

मग खुर्ची सरकली. "पुढचा खाना सांगा."

दुपारी तीनपर्यंत एकशे चाळीस निरोपांना नावं दिली. ‘कात्री’, ‘रोप’, ‘आठी’. मी सगळे जादा फ्लॉपीवर उतरवले, एकेक पुन्हा उघडून तिला दाखवला. तिने मान हलवल्यावर चिठ्ठीवर पहिली खूण केली. मग जुनी फ्लॉपी आत घातली.

"दोन अक्षरं कुठली देऊ?" मी विचारलं.

ती विचार करून म्हणाली, "आ. ई."

दीड मिनिट लाल दिवा लागलेला होता. ती शेजारी बसून त्याच्याकडे बघत होती. मीही. तेवढं दीड मिनिट मात्र लवकर संपलं.

भरून झाल्यावर चंदेरी पट्टी दिली. उचकटलेली मी टेबलाच्या कडेला चिकटवून ठेवली होती. तिने ती स्वतः परत लावली, नखाने चारी कोपरे दाबले, आणि गेली. ‘येते’ म्हणाली नाही.

१६ फेब्रुवारी

रविवार. समोरचं दुकान बंद. आज ते वाचत असतील.

बाबांना पत्र टाकलं. दोनच ओळी: ‘कंपासची सुई छान बसली आहे. एक मोठी शीट काढली, फाडली नाही.’

२४ फेब्रुवारी

आठ दिवस झाले, ती दुकानात असते पण इकडे बघत नाही. आज तक्त्याचा आरसा पुसत होती. आरशात आमचं दार दिसतं. बराच वेळ पुसत होती. काच फारच मळली असावी.

२५ फेब्रुवारी

दुपारी दार ढकलून आली. काउंटरवर फ्लॉपी ठेवली, पाकिटात घालून, पाकीट रुमालात गुंडाळून. "ताजी करून ठेवा." गेली.

मी वजनावरून ओळखलं: रिकामी. रिकाम्या फ्लॉपीचं वजन वेगळं नसतं हे मला माहीत आहे, तरी ओळखलं. जानेवारीतल्या सवयीने सरळ फॉरमॅटची आज्ञा टाईप करायला घेतली. हात अर्ध्यात थांबला. पहिली खूण झाल्याशिवाय दुसरीला हात लावायचा नाही. यादी मागवली.

एक निरोप होता. त्याचं नाव माझं होतं, म्हणजे ‘बिब्बा’. ताईने सांगितलं असणार, तिच्याशिवाय कोण. वाचू नये असं कुठे लिहिलं नव्हतं. तो असा:

‘ही रिकामी नाही. आधीच्या सहा होत्या. एका माणसाला सहा वेळा कळलं नाही. चष्मा लागेल असं मी तेव्हाच सांगितलं होतं. मी अजून रागावलेली आहे. कुठला निरोप गेला ते रोज एकदा आठवून बघते. पण रविवारी मावशीकडे जेवायला या. उंटाला तुमची ओळ वाचून दाखवली, तो म्हणतो समोर आल्यावर बघू. घाबरू नका, तो गवत खातो. राग गार होत आलाय. तो तापवायला नको. जेवण तापवू.’

सहा वेळा काय कळलं नाही? ही वही काढून सतरा जानेवारीपासून वाचत आलो. सतरा, अठरा, पंचवीस, पाच फेब्रुवारी. ‘विसरभोळी आहे’ हे तर मी शाईने लिहून ठेवलंय. कानशिलं तापली. या वेळी रागाने नाही.

"काय रे, झाली का ताजी?" दाजींनी रेडिओतून डोकं वर काढून विचारलं.

"नाही," मी म्हटलं. चंदेरी पट्टीचा नवा तुकडा कापला आणि खाचेवर लावला, चारी कोपरे नखाने दाबून. निरोप या वहीत उतरवलाच होता; चिठ्ठीवर फक्त पहिली खूण केली.